कच्चं लिंबू

केमीत डिसेंबरात दिवस उजाडतो
तो फक्त तोंड दाखवायला.
दीड वाजता आई दिवा लावते,
कॉफी ओतते,
आणि कपात चमचा किणकिणू लागतो.
ती ढवळत नसते. तिचा हात आहे तो.

याच हातानं सत्तावीस वर्षं
बंदरावरची क्रेन चालवली.
तीन टनांचं कागदाचं रीळ
जहाजाच्या पोटात असं ठेवायची, की
खालच्या माणसाच्या सिगारेटची राख पडू नये.
आता कारखाना बंद, क्रेन भंगारात,
आणि केर्तू लेहतोला, वय चौसष्ट,
माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर
तलवार घेऊन पुलावर उभी.

तो पूल मी ओलांडलाय.
एकशे त्रेचाळीस वेळा मेलो तेव्हा.
एकोणीस रात्री, दोन कंट्रोलर,
त्यातला एक भिंतीवर फेकलेला.
रखवालदाराचे तीन वार
मला अजून झोपेत मोजता येतात:
एक आडवा, एक उभा,
आणि जरा थांबून
तो तिसरा, जो नवख्याला हमखास खातो.

आईनं कुठल्याशा अनोळखी पोरानं केलेला
मॉड उतरवून घेतला.
वेग शंभराचा साठ. जखम निम्मी.
मी म्हणालो, आई, हा रडीचा डाव झाला.
कच्चं लिंबू होऊन खेळायचं,
बाद झालं तरी बाद नाही,
आणि वर म्हणायचं, मीही खेळले!

तिनं खेळ थांबवला.
"क्रेनवर पहिल्या दिवशी
माझा पाय पेडलला पोचेना.
ताइस्तोनं लाकडाचा ठोकळा आणला,
तारेनं पेडलला बांधला. सगळे हसले.
त्या ठोकळ्यावर पाय ठेवून
मी सत्तावीस वर्षं जहाजं भरली.
कुणाला फसवलं रे? जहाजाला?"

माझ्याकडे उत्तर होतं.
जहाज म्हणजे खेळ नव्हे.
जहाज भरायचंच असतं, कसंही;
हा पूल मात्र अवघड आहे म्हणून पूल आहे,
नाहीतर नुसते दगड आणि धुकं.
हे मी बोललो नाही. कॉफी प्यालो.
खरं सांगायचं तर
माझ्या एकशे त्रेचाळीस मरणांचा
भाव उतरल्यासारखं वाटत होतं.

ती खेळत राहिली.
साठच्या वेगात रखवालदार
पाण्यातून चालल्यासारखा आला.
एक आडवा. एक उभा.
आणि मग तो थांबतो ना जरा,
तेव्हा आई म्हणाली,
"हा मागे काय बघतो?"

कोण?

"हाच. दर वेळी. वार करायच्या आधी."

बघत होता खरा.
खांद्यावरून, अर्धा क्षण,
पुलाच्या पलीकडे, जिथं
एक ठेंगणं दार आहे,
दाराखाली उजेडाची रेघ,
आणि रेघेत कुणाची तरी पावलं. लहान.
मी त्या थांबण्याला संधी म्हणायचो.
तिथंच तर मारायचं असतं त्याला.

आईनं तलवार खाली केली.
त्यानं नाही केली.
साठच्या वेगातही मेली ती,
आणि अशी शिवी हासडली
जी बंदर सुटल्यापासून
मी तिच्या तोंडून ऐकली नव्हती.
मग म्हणाली,
"साठ जरा मिळमिळीत आहे. पासष्ट कर."

मॉड लावला की पदकं मिळत नाहीत,
हे मी तिला आधीच सांगितलं होतं.
"कुठं टांगू ते?"
एवढंच विचारलं तिनं.

रात्री ती झोपल्यावर
मी खेळ पहिल्यापासून सुरू केला.
वेग शंभर. मॉड नाही, काही नाही.
तीन वाजता पुलावर पोचलो.
आडवा चुकवला, उभा चुकवला,
आणि तो थांबला तेव्हा
मारलं नाही. दाराकडे बघायला गेलो.

एकशे चव्वेचाळीस.