डाग दोन

तुर्भ्याच्या गोदामात माझं काम एवढंच:
पेटी उघडायची, आतलं बघायचं, रकाने भरायचे.
घडी. चीर. कसर. डाग.

लोसेली फिफिताच्या पेटीत कापड नव्हतं, साल होती
झाडाची, कुटून कुटून पातळ केलेली,
एकीला एक डकवत नेलेली, सतरा हात लांब.
आम्ही तिघी लागलो उलगडायला, चपला बाहेर काढून.

मी लिहिलं: उजवा कोपरा, डाग दोन, तपकिरी, गोल.
ती शेजारी उकिडवी बसली, वाचलं.
म्हणाली, हे आत्याचे गुडघे.
रंगवताना ती इथं टेकायची.

(माझ्या आत्याचे दिवाळ्याच्या बाजारात,
ओल्या गोणपाटावर. त्यांची नोंद कुठंच नाही.)

ट्रकवाला जेवायला गेला तेवढ्यात तिनं सांगितलं:
ऑकलंडला, टोंगाहून आलेल्या आईबरोबर
ती रात्री म्युझियमचे मजले पुसायची.
नऊ वर्षांची. बादली धरायला.
एका खणात असंच कापड, चिठ्ठीवर आकडा,
बाईचं नाव नाही.

आता त्याच खणांच्या किल्ल्या हिच्या कमरेला.
पहिलं काय केलंस?
"म्हाताऱ्यांना बोलावलं. म्हटलं, हात लावा."
त्यांनी हुंगून सांगितलं, कुठल्या गावचं, कुणाच्या हातचं.
वरच्यांनी ताकीद दिली, लेखी.
ती तिनं पुढच्या प्रदर्शनात लावली, काचेत.

आमच्यात आत्याचा मान सगळ्यांत मोठा, म्हणाली.
मी म्हटलं, आमच्यात आत्या बाळाच्या कानात नाव सांगते
आणि पाठीत धपाटे खाते.
हसता हसता ती सालीवर पडायचीच राहिली.

संध्याकाळी महावितरणनं तारांखालची छाटून टाकलेली
वडाची फांदी ओढत आणली तिनं.
पेटीच्या उरल्या फळीचा ठोकळा. ठक. ठक.
शेजारच्या केमिकलवाल्यांचा वॉचमन येऊन विचारून गेला,
काय तुटलं?
अंधार पडेतो तळहाताएवढं झालं, मधे फाटलेलं.
ते माझ्याकडे आहे.

संगणक डागाचा रकाना रिकामा सोडू देत नाही.
मी तिच्या आत्याचं नाव विचारलं,
दोनदा म्हणवून घेतलं, कानाशी.
डाग दोन: मेलेनाइते.

वाशीच्या ऑफिसातून फोन आला.
हा कसला डाग, धुतला तर जातो का?