पेनाचं टोपण

तुळशीराम हेडाऊ परदेशातून परत आले तेव्हा
ट्रंकेत होता एक लोकरी कोट,
नागपुरात कधीच अंगावर न चढणारा,
आणि एक पेन.

पाचपावलीत, विणकर सोसायटीच्या गोदामात
सुताच्या गाठोड्यांवर बसून आम्ही ऐकत होतो.
मी कारकून, सभेचं प्रोसिडिंग लिहिणारा.
सवयीनं हेही लिहून घेतलं:

"तिथं प्रांताची कौन्सिल सालातून दोनदा भरते, बाप्पा,
दोन-दोन दिवस. एकशे चाळीस जण.
दूध काढणारी बाई, इंजनवाला, मास्तर,
समदे आपल्यावानी. कोटावर बिल्ला.
दर जागेले एकच उमेदवार, म्हणून कोणी पडत नाही.
बाकी सालभर पंधरा जणांची कमिटी कारभार पाहते,
आन् तिच्या हर खात्याले दोन मालक.
एक उभा, राजधानीतला मंत्री.
एक आडवा, हे कौन्सिल.
ताणा आन् बाणा."

सगळे कोष्टी हसले.
कुठलंही सरकार इतकं सोपं
आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

"मंग कापड किती विणाचं, ते कोण ठरवते?"
पैकूजी निनाव्यांनी विचारलं.

हेडाऊंनी सुपारी कातरली. वेळ घेतला.
"टेबलाच्या डोक्याशी अध्यक्ष बसते. तो वाचते.
खिडकीपासून तिसऱ्या खुर्चीत पार्टीचा सेक्रेटरी.
तो बोलत नाही. ऐकते, लिहिते.
त्यानं पेनाले टोपण लावलं
का चर्चा संपली.
मंग हात वर.
मोजणारा मोजत बी नाही,
नुसता पाहते, जसं आपण आभाळाकडे पाहतो."

"आन् एखादा नाही म्हणला तर?"

"मीबी इचारलं. दुभाषी पोरगी लाजली.
म्हणे, ते आधीच्या खोलीत होऊन जाते."

आधीची खोली.
मी या दोन शब्दांखाली रेघ मारली.

त्यांच्या मनात मात्र दुसरंच बसलं होतं,
ते त्यांनी तीनदा सांगितलं.
आराखडा दहा मिनिटांत मंजूर झाला,
आणि दुसऱ्या दिवशी दूध काढणारी बाई उठली.
हातात कागद नाही.
म्हणाली, पाळणाघराच्या वळणावर बस थांबत नाही,
चार हिवाळे सांगते आहे.
"दीड तास भांडले, बाप्पा! इतवारीवानी!
त्या माणसाचं पेन उघडंच होतं."

बस थांबायला लागली, असं पुढं
दुभाषी पोरीचं पत्र आलं.

एप्रिलात आमची आमसभा.
पत्रा तापलेला, माठ रिकामा,
चेअरमन हेडाऊ.
विषय: लुगडी बंद, दवाखान्याच्या चादरी सुरू.
हात वर होऊ लागले
तेवढ्यात सिंधूबाई नंदनवार उभ्या राहिल्या.
"चादरीच्या कांड्या भराची मजुरी किती,
ते तर सांगा."

"ते कार्यकारिणीत झालं हाये,"
हेडाऊ म्हणाले,
आणि बोलता बोलता पेनाला टोपण लावलं.

टक्.

मी मान वर केली.
त्यांनाही ऐकू आलं होतं.
हातातल्या पेनाकडे ते असे पाहत राहिले
जसा कोणी चप्पल बदलली गेल्यावर
स्वतःच्या पायाकडे पाहतो.

मग टोपण काढलं. कुठं ठेवावं सुचेना,
दातात धरलं,
म्हणून पुढचं वाक्य नीट आलं नाही:
"बोला, शिंदूबाई."

त्या बोलल्या. मग त्यांची जाऊ बोलली.
मग ज्यांनी हात वर केले होते तेही बोलले,
स्वतःच्याच हाताविरुद्ध.
दिवे लागले तरी काही ठरलं नाही.

रजिस्टरात प्रत्येक ठरावाखाली
'एकमताने मंजूर' आधीच छापलेलं असायचं.
मी त्यावर काट मारली
आणि सहा पानं लिहिली,
हाताला गोळे येईस्तोवर.

टोपण त्या गर्दीत हरवलं.
पुढं हेडाऊंच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशाखाली
निळा डाग असायचा,
आणि धुणं आपटताना त्यांची बायको म्हणायची,
"एवढ्या दूर गेले,
आन् बिनटोपणाचं पेन घेऊन आले!"