इथलं शंभर

पहाटे साडेपाचला ट्राउट
पिंजऱ्यात वर येऊन तोंडं उघडत होते
आणि मी वहीत लिहिलं:
सात पूर्णांक तीन. उत्तम.

मी कायाओचा, बंदरावर वाढलेला.
माझ्या फुफ्फुसांना समुद्रसपाटीची सवय.
तेविसाव्या दिवशीही तितिकाकाच्या काठावरून
दुकानाच्या सात पायऱ्या चढताना
मी चौथीवर थांबायचो, कठडा धरून,
आणि दुकानातली पोरं मोजायची मी किती वेळ थांबतो ते.
यंत्राचं डोकं दुखत नव्हतं.
त्याला मी दोरीनं बांधून पाण्यात सोडायचो,
ते निमूट आकडा सांगायचं.

डोन्या सातुर्निना काय्याता होडीत वाकून
माशांच्या कल्ल्यांकडे बघत राहिली.
म्हणाली, "मासा हौसेनं आ करत नाही, पोरा."

मी तिला समजावलं.
(हे लिहिताना अजून कान तापतात.)
पडदा नवा आहे. आत द्राव ताजा, बुडबुडा नाही.
टोपीत ओला स्पंज ठेवून
रोज पंधरा मिनिटं थांबतो,
दमट हवेत आकडा स्थिर झाला की बटण दाबतो.
शंभर टक्के.

"कुठले शंभर?" तिनं विचारलं.

हवेचा दाब कुठून घेतलास, असं तिनं विचारलं नाही.
ते मला आपोआप आठवलं:
रेडिओवरच्या हवामानाच्या बातमीतून.
सातशे साठ, थोडा इकडेतिकडे.
ती दुकानात गेली आणि लिमाहून आलेलं
वेफर्सचं एक पाकीट आणून माझ्या मांडीवर ठेवलं.
फुगून टम्म, उशीसारखं.
बंद करणाऱ्यानं आत भरलेली हवा
इतक्या उंचीवर कोणी दाबून धरत नव्हतं.

बातमीवाले दाब समुद्रावर उतरवून सांगतात,
नकाशा जुळावा म्हणून.
सगळ्या गावांना एका पाटावर बसवतात.
तळं उठून त्या पाटावर जात नाही,
ते आपलं अडतीसशे मीटरवर,
त्याच्या वाट्याची हवाच विरळ,
आणि काठोकाठ भरलं तरी
त्यात प्राणवायू मावतो तो इतकाच.
मी रोज सकाळी कोऱ्या मनानं
समुद्राचं शंभर त्याच्या नावावर लिहीत होतो.

दाब घातला: चारशे चौऱ्याऐंशी.
स्पंज पुन्हा ओला केला, पडद्यावरचा थेंब
मऊ कापडानं टिपला, पुसला नाही.
पंधरा मिनिटं. या वेळी मोजायला पोरं नव्हती.
बटण. मग यंत्र त्याच पिंजऱ्यात,
त्याच दोरीच्या त्याच गाठीपर्यंत.

चार पूर्णांक सहा.

पाणी तेच होतं.
रात्रभर शेवाळानं ओढलेला श्वास तोच.
चारा थांबवला, डिझेलचा पंप लावला,
तो तिसऱ्या झटक्यात चालू झाला.
एकेचाळीस मासे गेले. सातुर्निनानं ते चिरून,
मीठ लावून दोरीवर घातले; बोलली नाही.
वाऱ्यावर दिवसभर त्यांच्या शेपट्या एकमेकींना लागत राहिल्या.

संध्याकाळी शून्यही तपासलं.
ग्लासभर पाण्यात सल्फाइटची पूड टाकली
की पाण्यातला सगळा प्राणवायू संपतो,
आकडा उतरत उतरत खाली येतो.
शून्य पूर्णांक दोनवर तो अडला.
मी बसून राहिलो. टोटोराच्या गवतात
कुठलासा पक्षी दोनदा बोलून गप्प झाला.
शून्य पूर्णांक एक. मग काही नाही.

नंतर वही काढली.
खोडरबर वापरायचं नाही, हा नियम मला ठाऊक होता.
तेवीस दिवसांच्या प्रत्येक आकड्यावर आडवी रेघ,
वर बारीक अक्षरात खरा आकडा:
जुन्याला एक पूर्णांक सत्तावन्ननं भागून.
कंदिलाची काच काळी होईपर्यंत भागत होतो.

आकडे सगळे झाले.
प्रत्येकापुढे मी लिहिलेलं 'उत्तम'
कशानं भागायचं, ते मला सुचेना.