नवा रकाना

कुशिरोची नगरपालिका, खिडकी क्रमांक चार.
घटस्फोटाचा कागद आमच्याकडे हिरवा असतो.
एकोणीस वर्षं मी तेवढंच तपासत आलो:
मुलाचं नाव बापाखाली, की आईखाली.
तिसरी जागाच नव्हती.

माझंही नाव असंच कुणीतरी तपासलं असणार.
आई बंदराच्या पलीकडे राहायची;
तिचा आवाज मी चौतिसाव्या वर्षी ऐकला,
तोही फोनवर, खोकल्यासकट.

म्हणून यंदा नवा रकाना आला, 'दोघांकडे',
त्या रात्री मी एकट्यानंच साके गरम केली.

आज धुकं होतं. नुमाजिरी नवरा-बायको आले.
तो उभा, ती बसलेली,
बाही मनगटाच्याही पुढे ओढलेली.
पेन नव्या रकान्यावर थांबलं.
"कर ना खूण," तो म्हणाला, अगदी हळू.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.
ते न पाहणं मला कळलं.

नियमावली मला तोंडपाठ आहे,
त्यात हे कुठंच नाही:
मी कागद उजेडात धरला, म्हटलं,
"छपाईत चूक आहे. हा चालायचा नाही.
बाईंनी उद्या यावं. एकट्यांनीच."

कागदात काही चूक नव्हती.
शिक्का अजून मुठीत आहे,
त्यावरची शाई वाळत चाललीय.