घोड्याची शिवण

बँडचं नाव 'झिंग्याचे मेहुणे'.
का, ते विचारू नका. झिंग्यालाही माहीत नाही.

ड्रमवर बिशप बसतो,
झांज वाजली की त्याच्या टोपीतून कबुतर उडतं,
जुन्या मोज्याचं.
क्लोतिल्द गाते ती बाथटबमधून,
डोक्यावर मुकुट, पायांत प्लंबरचे बूट.
आणि चौथ्या गाण्याला येतो घोडा.

पुढचे पाय आन्सेल्मचे, गळ्याच्या भोकातून गिटार.
मागचे फिर्मँचे, पोटाच्या चिरेतून बेस.
फिर्मँ दिवसा आयकर कचेरीत असतो,
म्हणतो, वाकून उभं राहायची सवय तिथलीच.
मी कपडे शिवते. घोडाही मीच शिवला,
व्हिएर्झोंच्या बंद पडलेल्या थिएटरच्या पडद्यातून.

गेल्या हिवाळ्यात दोघांचं बिनसलं.
पेट्रोलची पावती, सत्तेचाळीस युरो,
घोडं तिथं पेंड खात होतं.
तीन आठवडे एकमेकांशी शब्द नाही
आणि रोज रात्री एकाच कातड्यात!
निरोप माझ्यामार्फत:
"शेपटीला सांग, दुसऱ्या कडव्याला डावीकडे वळायचंय."
"तोंडाला सांग, शेपटीला दिसत नाही."

लिमोजला, नगरपालिकेच्या हॉलमध्ये, माणसं ऐंशी,
तोंड डावीकडे गेलं, शेपूट उजवीकडे.
टर्र्र.
एका घोड्याचे दोन झाले
आणि दोन्ही वाजवत राहिले,
मागचा अर्धा तर रागानं इतका सुरेख
की बिशपनं टोपी काढली.
लोक खुर्च्यांवर चढले.
एक म्हातारी हसता हसता कवळी शोधू लागली.

मग काय, घोडा रोज फाटायचा, असं ठरलं.
शिवणीच्या जागी मी वेल्क्रो लावलं.
पेपरात आलं: 'दुभंगलेल्या देशाचं धाडसी रूपक'.
फिर्मँनं कात्रण पाकिटात ठेवलं,
पावतीशेजारी.

आंगुलेमच्या रस्त्यावर व्हॅन बंद पडली.
पाऊण तास चिखलातून ढकलली दोघांनी,
पहिल्यांदाच दोघंही मागे.
पोचलो तेव्हा एकाच सिगारेटवर होते.

त्या रात्री घोडा फाटलाच नाही.
चारी पाय एका तालात. वळला, गुडघा टेकून नमस्कार केला.
आतून कोण ओढत होतं, कोण नव्हतं,
बाहेरून कळेना.
हॉलमध्ये कुणीतरी खोकलं.

क्लोतिल्दनं बाथटबमधून माझ्याकडे पाहिलं.
मी विंगेत, तोंडात टाचण्या,
काय सांगणार,
की वेल्क्रोवरून दुपारी मीच
दुहेरी दोरा घातलाय.

उद्या उसवीन.
व्हॅनमध्ये पावत्या भरपूर आहेत.