छाट

उद्या पेपर. नीलम नगरात दिवे गेलेत.
श्रीलता मोबाईलच्या उजेडात घोकते:
करार केला, की तो पाळायचा.
राष्ट्रं लहान-मोठी, तरी समान.

अम्मा पानं कापतेय.
पत्र्याचं माप, कात्री, मांडीवर सूप.
आज हजारातल्या एकशेदहा छाटीत गेल्या.
पैसे नाहीत, विड्याही परत नाहीत.

"आपल्या देशानं सही केलीय?"
"केलीय."
"आणि मोडला तर?"
श्रीलता पान उलटते. उत्तर लांबलचक आहे,
त्यात 'तथापि' फार.

मग सापडतं सातवं कलम:
काम करणाऱ्या प्रत्येकाला न्याय्य मोबदला.
ती दोनदा वाचते. दुसऱ्यांदा जरा हळू.

अम्मा दोरा दातानं तोडते.
"तेवढं एका कागदावर उतरून दे.
मराठीत दे.
मुकादमाला तेलुगू वाचता येत नाही."