सातवा डोळा

रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकाचा फॉर्म आलाय.
टॉवेलवरची नक्षी कुणाची,
माणसाची की यंत्राची?
एकाच चौकटीत खूण करा.

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
श्रीधर मोबाइलवरून वाचून दाखवतो:
ब्रसेल्सने धोक्याच्या पायऱ्या पाडल्यात,
बीजिंग म्हणतं, शिक्का मारा,
अमेरिकेत राज्यागणिक निराळं,
दिल्लीच्याही सूचना आल्यात,
पण पीडीएफ उघडत नाही.

लिंबाद्री चिलवेरी ऐकतात.
माग बंद, तरी कानात खडखड.
चाळीस वर्षं जकार्डच्या पुठ्ठ्यांना
भोकं पाडली त्यांनी.
भोक असलं की दोरा वर,
नसलं की खाली.
मधलं काही नसतं.

मोर कुणी काढला?
यंत्रानं, काका. चार सेकंदांत.
मग यंत्र लिही की.

आणि नमुना उजेडाला धरतात.
पिसाऱ्यात, डावीकडून,
सातवा डोळा नाही.

नरसम्मा सिव्हिलमध्ये होती त्या रात्री.
हात पंचवर, जीव तिकडे,
सातव्या डोळ्याची भोकं राहूनच गेली.
मालकानं पगार कापला,
चादरी मात्र खपल्या.
रुखवतात मांडल्या, बाळांखाली अंथरल्या,
फोटोंत निघाल्या.

कुठल्या देशाचा कायदा
ती रात्र मोजतो, श्रीधर?

श्रीधर गप्प.
काकांनी खणातून जुना पंच काढला,
दोन चौकटींच्या बरोबर मध्ये
एक भोक पाडलं.

"काका," श्रीधर म्हणाला,
"हे स्कॅन होणार नाही."